ईदचा ऋतू कोणता?

"तुमची ईद नक्की कोणत्या महिन्यात येते हो?" हा प्रश्न मला शेजारी विचारतात, एसटीत बाजूला बसलेल्या बाई विचारतात, शिक्षकांच्या प्रशिक्षणात नव्याने ओळख झालेले सहकारी विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात वावगं काही नसतं. संक्रांत जानेवारीत, नाताळ डिसेंबरात, दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मग ईद कधी? याचं खरं उत्तर एकच आहे: ईद सगळ्या महिन्यांत येते. फक्त त्यासाठी माणसाला बऱ्यापैकी आयुष्य लागतं.

संक्रांत सूर्याच्या गणिताने चालते, म्हणून ती १४ किंवा १५ जानेवारी सोडत नाही. दिवाळी चंद्राच्या तिथीवर असते, पण मधूनमधून अधिक महिना घालून पंचांग तिला ऋतूशी बांधून ठेवतं. हिजरी वर्षाला अधिक महिना नाही. बारा चांद्रमासांचं हे वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. रमजान दर वर्षी तेवढाच अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे सगळे ऋतू फिरून पुन्हा पहिल्या जागी येतो.

शाळेत हे भूगोलाच्या तासाला शिकवून होतं. पण याचा आपल्या आठवणींवर काय परिणाम होतो, याचा विचार आपण फारसा करत नाही. माझं लहानपण १९८०च्या दशकातलं. त्या दशकाच्या उत्तरार्धात रमजान ईद मे-जूनमध्ये यायची. त्यामुळे 'ईद' म्हटलं की माझ्या नाकाला आधी कैरीचा वास येतो, मग अत्तराचा. सोलापूरचं ऊन, शाळेची सुट्टी, गच्चीवर टाकलेल्या सतरंज्या, आणि चाळीस अंशांत अम्मीने हौसेने शिवून घेतलेला चमचमता फ्रॉक.

मे महिन्यातली ईद
नव्या चमचम फ्रॉकला
घामोळ्याची ताकीद

अम्मीच्या लहानपणीची ईद वेगळी. १९६०च्या दशकाच्या मध्यावर ईद जानेवारी-फेब्रुवारीत होती. तिच्या ईदच्या आठवणीत चूल आहे, चुलीपाशी बसायला झालेली भांडणं आहेत, आंघोळीच्या बंबाचा धूर आहे. मी कॉलेजात गेले तेव्हा तिची ती थंडीतली ईद फिरून परत आली. २००० साली तर रमजान ईद दोनदा आली, एकदा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. त्या वर्षीच्या ईदचं एकच चित्र माझ्याजवळ आहे, आणि ते तीन ओळींत मावतं:

नव्या कुर्त्यावर
अब्बांचा जुना स्वेटर
अत्तर त्याच्यावर

आता माझ्या विद्यार्थ्यांची ईद पुन्हा थंडीकडे चालली आहे. २०२६ साली रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, २०२८ साली जानेवारीच्या अखेरीस. २०३० साली रमजानचा महिना दोनदा सुरू होईल, जानेवारीच्या सुरुवातीला आणि डिसेंबरच्या शेवटी. एकाच घरात आजी, आई आणि मुलगी. तिघी एकच शब्द उच्चारतात, पण तिघींच्या डोळ्यांसमोर वेगळा ऋतू उभा राहतो. माझं म्हणणं या लेखात एवढंच आहे की हा ऋतू नोंदवून ठेवायला हवा, मराठीत नोंदवायला हवा, आणि त्यासाठी छोट्या कवितेइतकं सोयीचं भांडं दुसरं नाही.

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते, उर्दूही शिकवते. दोन्ही वह्या माझ्याच टेबलावर तपासायला येतात. मराठीच्या वहीत 'माझा आवडता सण' हा निबंध दर वर्षी असतो. त्यात निम्मी मुलं दिवाळी लिहितात. "पहाटे उठून आम्ही उटणं लावून अभ्यंगस्नान करतो," असं ज्या मुलीने लिहिलेलं असतं, तिच्या घरी उटणं कशाशी खातात हे कुणाला ठाऊक नसतं. ती खोटं बोलत नसते. गाइडमध्ये आहे ते उतरवते, कारण तेच मराठी आहे, तेच मार्कांचं आहे, असं तिला वाटतं. दिवाळीविषयी लिहिण्यात गैर काहीच नाही. शेजारच्या घरी दिव्यांच्या उजेडात बसून चकली खाल्ली असेल तर तिने ती चकली जरूर लिहावी. पण ती चकलीही निबंधात नसते.

उरलेली मुलं ईद लिहितात. तोही निबंध गाइडमधलाच: "ईद हा आनंदाचा सण आहे. या दिवशी सर्वजण नवे कपडे घालतात. एकमेकांना गळाभेट देतात. शीरखुर्मा खातात." यात चूक एकही नाही आणि घरही एकही नाही. ही ईद उन्हाळ्यातली की हिवाळ्यातली? गळाभेट कुणाची, अंगाला कशाचा वास होता? शीरखुर्म्यासाठी दूध कोण आणायला गेलं होतं? चाळीस वह्यांतून एक ओळ सांगत नाही. मुलं घरी जगतात ते वेगळं आणि मराठीत लिहितात ते वेगळं. दहा वर्षं असं लिहून झालं की मुलाची पक्की समजूत होते की आपल्या घरात मराठीत लिहिण्याजोगं काही घडत नाही. मला भीती वाटते ती या समजुतीची. व्याकरणाच्या चुका पुढे सुधारतात, ही समजूत सुधारत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. मराठी वाचकाला मुस्लीम माणूस भेटतो तो बहुधा दोन ठिकाणी. एक, पाठ्यपुस्तकातल्या सणाच्या पानावर, टोपी घालून गळाभेट देताना. दोन, बातमीत. या दोन्हींच्या मधला मोठा प्रदेश, म्हणजे मंगळवारची सकाळ, नळाला येणारं पाणी, हुरडा, सर्दी, परीक्षेची धास्ती, हा मराठीत फार थोडा आला आहे. तो आणायला कादंबरीकारच हवेत असं नाही. सातवीतली मुलगीही तो आणू शकते. तिला फक्त छोटं भांडं द्यायला हवं.

निबंध मोठं काहीतरी मागतो: प्रस्तावना, महत्त्व, संदेश. तीन ओळी काहीही मागत नाहीत. त्या म्हणतात, काय दिसलं ते सांग आणि थांब.

मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी. आचार्य अत्रे यांच्या त्या कन्या (१९२९–२०१७). जपानी हायकूत पाच-सात-पाच अशी सतरा मात्रांची मोजणी असते. मराठीने ती सक्तीची केली नाही. तीन ओळी, त्यांत बहुधा दोन ओळींचं यमक, आणि पकडलेला एक क्षण, एवढं आपल्याकडे पुरलं. जपानी परंपरेत आणखी एक नियम आहे आणि मला त्याचंच आकर्षण वाटतं. हायकूत ऋतू सांगणारा एक शब्द असावा लागतो. बेडूक म्हटलं की वसंत, शुभ्र पूर्णचंद्र म्हटलं की शरद. अशा शब्दांचे तिथे कोश आहेत. त्यात वसंत, ग्रीष्म, शरद, हेमंत असे विभाग असतात आणि नववर्षाचा स्वतंत्र विभाग असतो. १८७३ साली जपानने पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारली तेव्हा वसंताच्या तोंडाशी येणारं त्यांचं नववर्ष एकदम भर थंडीत आलं. म्हणजे सणाने ऋतू बदलला की कवींची पंचाईत होते, हा अनुभव त्यांनाही आहे.

मग मी मुलांना विचारलं, "आपण असा कोश केला तर 'ईद' हा शब्द कोणत्या विभागात टाकायचा?" वर्गात बराच वेळ वाद झाला. शेवटी मागच्या बाकावरून उत्तर आलं, "टीचर, सगळ्यात टाका, पण बाजूला साल लिहा." याहून चांगलं उत्तर मला सुचलं नसतं. ईद एकटी ऋतू सांगत नाही. तिच्या जोडीला दुसरा शब्द ठेवावा लागतो: कैरी, छत्री, स्वेटर. हा दुसरा शब्द शोधायला गेलं की मूल आपोआप स्वतःच्या घरात शिरतं. गाइडमध्ये तो शब्द नसतोच.

आमच्या मुलांना हा प्रकार परका वाटत नाही, हेही सांगायला हवं. उर्दू शाळांत बैतबाजी चालते. अंताक्षरीसारखाच खेळ, पण शेरांचा. शेर म्हणजे दोन ओळी: पहिली ओळ काहीतरी मांडते, दुसरी वळण घेते. हे वळण आमच्या मुलांच्या कानात बसलेलं असतं. शेकडो शेर पाठ असलेली मुलं मराठीत मात्र स्वतःची एक ओळ लिहायला बिचकतात. त्यांना सांगितलं की हायकूतही असंच वळण असतं, दोन ओळी एकीकडे आणि एक ओळ दुसरीकडे, की त्यांना चटकन कळतं. गुलजारांनी 'त्रिवेणी' नावाचा तीन ओळींचा प्रकार आणला आणि शांता शेळके यांनी त्या त्रिवेणी मराठीत नेल्या, हेही मी त्यांना सांगते. उर्दूतून मराठीत यायला पूल आहे, तो आधीच बांधलेला आहे.

नियम मी चारच दिले. डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं. 'सुंदर', 'छान', 'आनंद' हे शब्द बंद. उपदेश नाही. आणि घरात ज्या वस्तूला जो शब्द आहे तोच लिहायचा, 'अम्मी'ची 'आई' करायची नाही. थंडीचे दिवस होते, म्हणून विषय दिला 'थंडी'. सण हा शब्द उच्चारलासुद्धा नाही. तरी सण आले. ते असे आले:

सहेरीचा गजर
पांघरुणातून एक हात
बाहेर आला, परत आत

हे सहावीतल्या मुलाचं. रमजानविषयी एवढं खरं वाक्य मी त्याच्या निबंधात कधी वाचलं नव्हतं. निबंधात तो लिहायचा, "आम्ही उत्साहाने सहेरीला उठतो."

पहाटेचा वजू
दादीच्या बोटांवरून
थेंब पडतो हळू

कोवळ्या उन्हात बिड्या
अम्मीची गोष्ट संपते
हजार झाल्यावर

सोलापुरात बिड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने होते, हे ज्याला ठाऊक नाही त्यालाही या ओळी कळतील. ज्याला ठाऊक आहे त्याच्या घशात काहीतरी अडकेल. मुलीने ना गरिबी हा शब्द वापरला, ना कष्ट. तिने गोष्ट कुठे संपते एवढंच सांगितलं.

अब्बा विणतात चादरी
आमच्या पांघरुणाला
अम्मीची जुनी साडी

हाही त्याच वर्गातला. सोलापुरी चादर देशभर गेली, तिच्यावर लेखही पुष्कळ आले. पण चादर विणणाऱ्याच्या घरात रात्री काय पांघरतात, हे मला या मुलाने सांगितलं.

सोलापुरात संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. सात नंदीध्वज मिरवणुकीने निघतात, अक्षता सोहळा होतो, आणि होम मैदानावर मोठी जत्रा लागते. तिला आम्ही सगळे 'गड्डा' म्हणतो. विजापूर वेशीकडची मुलं गड्ड्याला जातात, पाळण्यात बसतात, भजी खातात, घरी येऊन मार खातात. ही त्यांच्या हिवाळ्याची सर्वात मोठी घटना. कोणत्याही निबंधात ती त्यांनी लिहिलेली नव्हती, कारण 'आपला सण' या रकान्यात ती बसत नाही आणि 'शेजाऱ्यांचा सण' या रकान्यातही नीट बसत नाही. कवितेला रकाना लागत नाही:

गड्ड्यातला मोठा पाळणा
वरून दिसते सगळी गल्ली
अम्मी दिसत नाही

आणि हे एका मुलीचं. तिचे नाना आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबले, आता शहरात लेकीकडे राहतात. थंडीत कुणीतरी गावाकडून ज्वारीची कोवळी कणसं पाठवली होती:

हुरडा चोळताना
नानांच्या तळहाताला
गाव सापडतं पुन्हा

मी या कविता दाखवते तेव्हा दोन-तीन आक्षेप हमखास येतात. त्यांना उत्तर द्यायला हवं.

पहिला आक्षेप असा की तीन ओळी कुणीही लिहील, त्यात काय मोठं? मोबाइलवर रोज सकाळी असल्या ओळी येतातच. चंद्रशेखर गोखले यांच्या 'मी माझा'ने चारोळी घराघरांत पोचवली, आणि मग चारोळ्यांचा पूर आला, हे आपण पाहिलं आहे. हे खरं आहे की छोट्या कवितेत फसवणूक सोपी असते. पण ती ओळखायची कसोटीही सोपी आहे. ईदच्या शुभेच्छांच्या चार ओळी घ्या आणि 'ईद'च्या जागी 'दिवाळी' किंवा 'नाताळ' घाला. ओळी तशाच चालल्या तर त्यात कुणाचंच घर नाही. अब्बांच्या स्वेटरच्या ओळी तशा चालणार नाहीत, बिड्यांच्या तर मुळीच नाहीत. मी मुलांनाही हीच कसोटी दिली आहे आणि ते एकमेकांच्या वह्या माझ्यापेक्षा कडकपणे तपासतात.

दुसरा आक्षेप आपल्या घरातून येतो. एक पालक म्हणाले, "टीचर, शायरीने पोट भरत नाही. मराठीत पास होईल एवढं शिकवा." त्यांची काळजी खरी आहे. सरकारी नोकरीची परीक्षा असो की तालुक्याच्या कचेरीतला अर्ज, मराठी कच्चं असलेला मुलगा मागे पडतो. पण भाषा पक्की होते ती वापरून. गाइडमधलं वाक्य उतरवताना मूल भाषा वापरत नाही, वाहून नेतं. 'थेंब पडतो हळू' लिहिण्याआधी त्या मुलीने 'सावकाश', 'हळूहळू', 'टपटप' असे सगळे शब्द वहीत लिहून खोडले होते. एका क्रियाविशेषणासाठी चार शब्द तोलणारी मुलगी मराठीत नापास होणार नाही.

तिसरा आक्षेप जरा नाजूक आहे. गड्डा, तिळगूळ, संक्रांत आमच्या मुलांनी का लिहावं, असं काहींना वाटतं. आणि सहेरी, वजू हे शब्द मराठीच्या तासाला कशाला, असं दुसऱ्या काहींना वाटतं. दोघांनाही माझं उत्तर एक आहे. मूल श्रद्धेचं घोषणापत्र लिहीत नाही, पाहिलेलं लिहितं. मैदानावर पाळणा आहे, तो त्याने पाहिला. घरात दादी वजू करते, तेही त्याने पाहिलं. पाहिलेल्यातलं अर्धं झाकून ठेवायला शिकवणं हे शिक्षकाचं काम नव्हे.

हा मार्ग नवाही नाही. आग्र्याचे नझीर अकबराबादी अठराव्या शतकात जन्मले आणि १८३० साली वारले. मुलांना शिकवणं हाच त्यांचा पेशा होता. त्यांनी ईदवर लिहिलं, होळी-दिवाळीवर लिहिलं, थंडीच्या दिवसांवर लिहिलं, आणि तिळाच्या लाडवांवर एक आख्खी कविता लिहिली. जाणकारांनी त्यांना बाजारी म्हणून बराच काळ बाजूला ठेवलं. आज त्या काळचा बाजार, त्यातली काकडी, लाडू आणि थंडी कशी होती हे पाहायचं तर नझीर उघडावा लागतो. त्यांच्या कविता छोट्या नाहीत, पण त्यांनी उर्दूला एक गोष्ट शिकवली: लाडूसुद्धा कवितेचा विषय असतो.

आणि मराठीला तर हे शिकवायची गरजच नव्हती. पहाटेच्या अंधारात, थंडीत, जात्याच्या घरघरीबरोबर दोन ओळींची ओवी म्हणणाऱ्या बायकांनी या भाषेत सर्वात जास्त छोट्या कविता रचल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत भाऊ आहे, माहेर आहे, पाऊस आहे, विठ्ठल आहे, आंबेडकर आहेत. दळताना जे मनात आलं ते. त्या बायकांनी 'हा विषय कवितेचा आहे का' असं कुणाला विचारलं नाही. जातं गेलं, मिक्सर आला. ओवीची जागा मात्र मोकळीच राहिली. माझ्या विद्यार्थिनींच्या तीन ओळी त्या जागेवर बसतात असं मला वाटतं. नाव जपानी असलं तरी आसन आपल्याच जात्यापाशी आहे.

इथवर मी ज्या कविता दाखवल्या त्या वाचून बरं वाटतं. पण छोट्या कवितेचं खरं काम बरं वाटायला लावणं नाही. हे मला आठवीतल्या एका मुलीच्या तीन ओळींनी शिकवलं. त्यांच्या शेजारच्या घरून दर संक्रांतीला वाटीभर तिळगूळ यायचा. तिची अम्मी वाटी धुऊन ठेवायची आणि ईदला त्याच वाटीतून शीरखुर्मा परत जायचा. वाटी कधी रिकामी गेली नाही. त्या वर्षी मुलीने लिहिलं:

संक्रांत गेली
शेजारची वाटी यंदा
आलीच नाही

ओळी भिंतीवरच्या फलकावर लावायच्या की नाही यावर स्टाफरूममध्ये चर्चा झाली. एक सहकारी म्हणाल्या, "राहू द्या, उगीच कुणाला लागेल. त्यापेक्षा तिला एकोप्यावर काहीतरी लिहायला सांगा." मी त्या ओळी लावल्या. एकोप्यावर लिहायला सांगितलं असतं तर तिने लिहिलंच असतं, 'आम्ही सारे भाऊ भाऊ' वगैरे, आणि तिची वाटी पुन्हा गाइडखाली दडपली गेली असती. या ओळींत आरोप नाही. दोषी नाही. कारणसुद्धा नाही. फक्त एक वाटी आहे जी यायची आणि आली नाही.

कारण नाही म्हणूनच त्यात सगळ्या कारणांना जागा आहे. फलक वाचून एका पालकांनी उसासा टाकला, "जमाना बदल गया." आमच्याकडे हिंदी शिकवणाऱ्या बाई मात्र म्हणाल्या, "त्यांच्या घरी कुणी वारलं असेल. आमच्यात वर्षभर सण करत नाहीत." ही शक्यता आमच्यापैकी एकाच्याही मनात आली नव्हती. गळा काढून लिहिलेल्या लेखाने ती आणलीच नसती, कारण लेखाने आपला निकाल आधीच दिला असता. तीन ओळींनी निकाल दिला नाही, म्हणून शेजारच्या दाराकडे पुन्हा एकदा पाहायला वाव राहिला. आजच्या दिवसांत मला हा वाव फार मोलाचा वाटतो. संशय यायला वेळ लागत नाही. विचारायला जायला लागतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे, आणि ती फक्त शिक्षकांना नाही. घरात एक वही ठेवा. तिला ऋतुवही म्हणा, बयाज म्हणा, काहीही म्हणा. उर्दू घरांत आवडते शेर उतरवून ठेवायची बयाज असायचीच, तीच पुन्हा काढा. येत्या रमजानात, संक्रांतीला, गावच्या उरुसाला, शेजारच्या नाताळच्या केकला, घरातल्या प्रत्येकाने तीन ओळी लिहाव्यात. लिहिता न येणाऱ्या दादीने सांगाव्यात, नातीने उतरवून घ्याव्यात. दादी दखनीत सांगेल, नात मराठीत लिहील, त्या दरम्यान दोघींत जे बोलणं होईल तेही कामाचं आहे. यमक जुळलं नाही तरी चालेल. खाली तारीख मात्र लिहायची, हिजरी आणि इंग्रजी दोन्ही.

तारीख का, ते आता सांगायला नको. २०३० साली दहा वर्षांचा असलेला मुलगा ऐन जानेवारीतल्या पहाटे सहेरीला उठेल. पुढे त्याचा रमजान डिसेंबरात जाईल, मग पावसाळ्यात, मग उन्हाळ्यात. त्याच थंडीतला रमजान त्याला पुन्हा भेटेल तो २०६३च्या आसपास, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. तोवर दादी नसेल, कदाचित घरही तेच नसेल. मोबाइलमधले फोटो पाच-सहा मोबाइलांपूर्वीच हरवलेले असतील. वही टिकण्याची शक्यता बरी असते, ती रद्दीत गेली नाही तर.

तेव्हा तिच्यात त्याला त्या थंडीचं काय सापडेल, हे आज ठरतं. 'ईद हा आनंदाचा सण आहे' एवढंच लिहिलेलं असेल तर त्याला काहीही सापडणार नाही.